पोलिसांचं मानसिक आरोग्य: मदतीची सोय घरच्यांसाठीही का नको?

दारापाशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझा नवरा पोलीस दलात आहे, तपासकामावर. त्याच्या नोकरीबद्दल बोलणारे खूप भेटतात. कोणी कौतुक करतं, कोणी बोटं मोडतं. त्या नोकरीचं घरात काय होतं हे मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि आम्हीही सांगत नाही.

मध्यंतरी त्याने एका अपघाताचा पंचनामा केला. त्यात एक लहान मूल गेलं होतं. घरी फोन करून एवढंच म्हणाला की उशीर होईल. तेव्हापासून आमच्या मुलाला गाडीत बसवलं की तो पट्टा ओढून बघतो, पुन्हा ओढून बघतो, पुढे येऊन बसतो, परत उतरून मागे जातो. मग स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहतो. किल्ली फिरवत नाही. मुलगा विचारतो, "बाबा, निघायचं ना?" आणि त्याला ते ऐकूच येत नाही. झोप तुटक झालीय. भांडं पडलं तरी ताडकन उठतो. कोणाकडे जाणं-येणं बंद. विचारलं तर "काही नाही, दमलोय."

समुपदेशनाची सोय खात्यात आहे, निदान कागदावर तरी आहे. तो जाणार नाही. त्याची खात्री आहे की एकदा गेलं की नाव लागलं. शस्त्र काढून घेतील, टेबलाच्या कामाला बसवतील आणि बढतीच्या वेळी कोणीतरी हळूच विषय काढेल. ही भीती खोटी आहे असं मला म्हणवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्याची चाहूल सगळ्यात आधी घरच्यांना लागते. त्या माणसाला स्वतःला कळायच्याही आधी. आणि मदतीची जी काही व्यवस्था असते ती फक्त वर्दीतल्या माणसाशी बोलते. बायकोने, नवऱ्याने, आईने काही सांगायचं ठरवलं तर ती तक्रार होऊन बसते. त्याच्या नोकरीला धक्का न लावता घरच्यांना सल्ला घेता येईल अशी जागा हवी. पोलीस घरांतल्या लोकांनी आणि जाणकारांनी कृपया लिहावं.

निवृत्त अंमलदार

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत.

माझी सगळी नोकरी ठाण्यात गेली. मृतदेह, दंगल, जळालेली घरं, हे सगळं पाहिलंय. त्याचा त्रास होतोच, पण त्याची थोडीफार मनाची तयारी असते, कारण तेच काम आहे हे आपण भरती होतानाच स्वीकारलेलं असतं. ज्याची तयारी नसते ते निराळंच. मंजूर झालेली रजा निघायच्या आदल्या दिवशी रद्द होणं. चारचौघांत वरिष्ठांनी घातलेल्या शिव्या. चूक एकाची आणि चौकशी दुसऱ्याची. बारा तास म्हणून लागलेला बंदोबस्त कधी सुटेल याचा पत्ता नसणं. माणूस आतून पोखरला जातो तो यानेच.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. कॅनडातल्या डोनाल्ड मॅक्क्रिअरी आणि मेगन थॉम्पसन या संशोधकांनी २००६ साली पोलिसांचा ताण मोजायला दोन वेगवेगळ्या प्रश्नावल्या केल्या. एक प्रत्यक्ष कामातल्या ताणाची आणि दुसरी संघटनेकडून येणाऱ्या ताणाची, म्हणजे वरिष्ठ, कागदपत्रं, अन्याय्य वागणूक, माणसांची कमतरता. दोन्ही वेगळे मोजावे लागतात, कारण दोन्हींवरचे उपायही वेगळे. एका दिवसाचं ध्यानशिबिर घेतलं आणि सोमवारपासून तोच साहेब, तीच रजा-नामंजुरी, तर त्या शिबिराला काय अर्थ? माझ्या मते हजेरीपट नीट लावणं हेही मानसिक आरोग्याचंच काम आहे. आठवड्याची सुट्टी खरोखर मिळणं हे तर पहिलं औषध. पण कोणत्याही आरोग्य-उपक्रमाच्या पत्रकात हे वाक्य दिसत नाही.

निळी शाई

प्रतिसाद पटला. मी पोलिसाची मुलगी. वडिलांच्या किल्ल्यांच्या आवाजावरून आम्हा भावंडांना कळायचं की आज बोलायचं की खोलीत जायचं. त्यांनी कधी हात उचलला नाही, आवाजही फारसा चढवला नाही. फक्त ते घरात असून नसायचे. उपाहारगृहात नेहमी दाराकडे तोंड करून बसायचे आणि सगळा वेळ आत येणाऱ्यांकडे बघत राहायचे. आम्ही काय बोलतोय त्याकडे लक्ष नसायचं. आपल्यात काहीतरी कमी आहे म्हणून बाबांना कंटाळा येतो, असं मला मोठी होईपर्यंत वाटायचं. ते तसं नाही हे एखाद्या मोठ्या माणसाने तेव्हा सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

मनाचा दवाखाना

मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि माझ्याकडे पोलीस, अग्निशमन दलातली माणसं आणि त्यांच्या घरचे येतात. धागाकर्ती ताईंच्या नवऱ्याचं निदान इथे करणं योग्य नाही, पण काही गोष्टी सर्वसाधारणपणे सांगता येतील.

भयंकर घटनेनंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणं, दचकणं, चिडचिड, हे पुष्कळांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपसूक ओसरतं. तेव्हा लगेच घाबरू नये. महिना उलटून गेला तरी ते टिकून असेल, माणूस त्या आठवणीच्या आसपास जाणंही टाळत असेल, घरच्यांपासून तुटत चालला असेल, तर मात्र पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर ताणविकार आहे का हे तपासून घ्यावं. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत हे निदान १९८० साली आलं, त्यामागे मोठा वाटा व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवाचा होता. त्यामुळे आजही लोकांच्या डोळ्यांपुढे एकच मोठा स्फोट, एकच गोळीबार येतो. पोलिसांचं बहुधा तसं नसतं. त्यांच्यावर थर साचत जातात. २०१३च्या आवृत्तीत तर कामाचा भाग म्हणून भयानक तपशिलांना वारंवार सामोरं जावं लागणं हाही आघात धरला आणि उदाहरण म्हणून बालअत्याचारांचे तपशील सतत हाताळणाऱ्या पोलिसांचाच उल्लेख केला. जागतिक आरोग्य संघटनेचं नवं वर्गीकरण २०२२पासून लागू झालं, त्यात गुंतागुंतीचा पीटीएसडी हे वेगळं निदान आहे. भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल टोकाची तुच्छता आणि नाती न टिकणं ही त्याची आणखी लक्षणं. यातली तिसरी गोष्ट कुठे दिसते? घरातच. म्हणून ताईंचा मुद्दा मला वैद्यकीय दृष्टीनेही बरोबर वाटतो.

ब्रिटनमध्ये पोलीस केअर यूके या संस्थेसाठी केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळपास १७ हजार पोलीस कर्मचाऱ्यांची पाहणी केली. २०१९मध्ये निष्कर्ष आले. ९० टक्क्यांहून जास्त जणांनी आघातकारक प्रसंग अनुभवले होते आणि सुमारे पाचात एकाला पीटीएसडीच्या दोन्हींपैकी एका प्रकाराची लक्षणं होती. मला सगळ्यात लागलेला आकडा पुढचाच आहे. त्रास असणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक जणांना आपल्याला असं काही झालंय याची कल्पनाच नव्हती. ज्याला माहीतच नाही तो मदत मागायला येणार कसा?

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (आघाताभोवती रुजलेले विचार आणि वागणं बोलून बदलणारी पद्धत) आणि फ्रान्सिन शपिरो यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी मांडलेली ईएमडीआर (ती घटना आठवताना डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेणारी पद्धत) या दोन्ही पद्धतींना चांगला पुरावा आहे. हे वर्षानुवर्षं चालणारं प्रकरण नाही, बऱ्याचदा आठ-बारा सत्रांत स्पष्ट फरक दिसतो.

एका गोष्टीपासून मात्र सावध करते. मोठी घटना झाली की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवून "काय पाहिलंत, कसं वाटलं" हे सक्तीने बोलायला लावण्याची पद्धत अनेक दलांत अजून आहे. जेफ्री मिचेल यांनी १९८३ साली मांडलेल्या डीब्रीफिंगमधून ती पसरली. हेतू चांगला होता. पण उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा एका बैठकीने पीटीएसडी टळत असल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट काहींचा त्रास वाढण्याची शक्यता दिसली. त्यापेक्षा विश्रांती, घरी सुखरूप पोचवणं, ओळखीच्या सहकाऱ्याची सोबत आणि काही आठवड्यांनी आवर्जून केलेली विचारपूस जास्त उपयोगाची.

स्पष्ट मत

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो. ताण डॉक्टरांना आहे, चालकांना आहे. पोलिसाच्या हातात शस्त्र आणि कायद्याचा अधिकार असतो. ज्याचं मन थाऱ्यावर नाही त्याच्याकडून शस्त्र काढून घेतलं तर त्यात चूक काय? मला नागरिक म्हणून स्वतःच्या सुरक्षेची काळजी वाटते. सगळं गुप्त ठेवायचं म्हटलं तर जबाबदारी कोणाची?

सोबती

स्पष्ट मत, प्रश्न रास्त आहे. मी सेवेत आहे आणि आमच्याकडे सहकारी-मदतनीस म्हणून प्रशिक्षण घेतलंय, म्हणून उत्तर देतो.

आजारी माणसाच्या हातातून काही काळ शस्त्र बाजूला ठेवावं लागतं, हे आम्हीही मानतो. प्रश्न कसं आणि कधी याचा आहे. "बोललास तर शस्त्र गेलं, नोकरी गेली" असा नियम झाला, किंवा तसा नुसता समज झाला, की कोणीही बोलत नाही. मग तोच माणूस तसाच, न झोपता, तेच शस्त्र घेऊन रस्त्यावर उभा राहतो. आता सांगा, तुम्ही नागरिक म्हणून कुठे जास्त सुरक्षित? तात्पुरतं दुसरं काम, पगार आणि दर्जा तोच, परत येण्याची अट आधीच लेखी दिलेली, एवढं असेल तर माणसं स्वतःहून शस्त्र जमा करतात. मी पाहिलंय.

कॅनडातल्या मॉन्ट्रियल पोलिसांचं उदाहरण सगळ्यांनी माहीत करून घ्यावं असं आहे. त्यांनी १९९७ साली 'एकत्र, जगण्यासाठी' अशा अर्थाच्या नावाने कार्यक्रम सुरू केला. झाडून सगळ्या पोलिसांना आत्महत्येच्या धोक्याची लक्षणं ओळखायचं शिक्षण, वरिष्ठांना वेगळं प्रशिक्षण, पोलीस स्वयंसेवकांनीच चालवलेली गोपनीय फोनसेवा आणि दलभर प्रसार. ब्रायन मिशारा आणि नॉर्मंड मार्टिन यांनी २०१२मध्ये बारा वर्षांचा हिशोब मांडला. आत्महत्येचं प्रमाण लाखामागे सुमारे ३० वरून ६.४ वर आलं होतं, म्हणजे ७९ टक्के घट. त्याच काळात क्वेबेक प्रांतातल्या इतर पोलीस दलांत ते २९ च्या आसपासच राहिलं. एका शहराचा अनुभव आहे, तो जसाच्या तसा सगळीकडे लागू होईल असा दावा कोणी करू नये. पण "यात काही करता येत नाही, हा पेशाच तसा" म्हणणाऱ्यांना ते उत्तर आहे.

सहकारी-मदतनीस म्हणजे काय हेही सांगतो, कारण गैरसमज फार. मी उपचार करत नाही. मी ऐकतो, दोन दिवसांनी पुन्हा फोन करतो आणि गरज वाटली तर तज्ज्ञापर्यंत सोबत जातो. दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत सोबत जाणं हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण बहुतेक जण परत फिरतात ते त्या पायऱ्यांवरूनच.

रात्रपाळी

मी महिला पोलीस आहे, आणि इथे झोपेबद्दल कोणी फारसं बोललेलं नाही म्हणून लिहिते. २०११मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या जवळपास ५ हजार पोलिसांच्या अभ्यासात सुमारे ४० टक्के लोकांमध्ये एखादा तरी निद्राविकार आढळला, आणि बहुतेकांचं निदान आधी झालेलंच नव्हतं. अमेरिकेतल्या बफेलो शहरात जॉन व्हायोलांटी आणि सहकाऱ्यांनी पोलिसांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. रात्रपाळीसोबत कमी झोप किंवा जादा काम आलं की पोटाचा घेर, रक्तदाब, साखर यांचं गणित बिघडतं असं त्यात दिसलं. मन आणि शरीर वेगळं काढताच येत नाही.

माझा स्वतःचा अनुभव असा की रात्रपाळी संपवून घरी आले की मी मोकळी आहे असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. पडदे ओढून, फोन बंद करून दिवसा झोपणं हा आळस नाही, हे सासरी-माहेरी दोन्हीकडे समजावून सांगावं लागलं. त्यांना समजल्यावर माझ्या चिडचिडीत खरंच फरक पडला. घरच्यांना सोबत घ्यायचं म्हणजे दर वेळी मोठं समुपदेशनच हवं असं नाही. भरती झाल्यावर एकदा कुटुंबाला बोलावून पाळ्या, झोप आणि धोक्याची लक्षणं नीट समजावली तरी पुष्कळ.

आणि दारू. झोप यावी म्हणून घेतात. डोळा लवकर लागतो खरा, पण पहाटेकडची झोप चाळवली जाते आणि स्वप्नं वाढतात. ठाण्यात सगळे एकत्र बसणं म्हणजे ताण हलका करणं, ही समजूत पिढ्यानपिढ्या चालत आलीय. तिने किती घरं नासवली ते आम्ही शेजारच्या क्वार्टर्समध्ये बघतो.

दारापाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. निळी शाई, तुझं वाचून पोटात कालवलं. माझा मुलगा नेमकं तेच मनात धरून बसला असेल का, हा विचार डोक्यातून जात नाहीये.

दवाखाना ताई, दोन प्रश्न. मी एकटी तज्ज्ञाकडे गेले तर त्याच्या कार्यालयापर्यंत काही जातं का? आणि त्याच्याशी बोलायला सुरुवात कुठून करू? "तुला मदतीची गरज आहे" म्हटलं की तो उठून जातो.

मनाचा दवाखाना

तुम्ही खासगीत, स्वतःच्या नावाने गेलात तर रुग्ण तुम्ही. तुमची नोंद तुमचीच. खात्याच्या समुपदेशकाकडे जायचं असेल तर पहिल्याच भेटीत, काहीही सांगायच्या आधी, विचारा: नोंदी कोण बघतं? वरिष्ठांना काय कळवलं जातं? गोपनीयता कधी मोडावी लागते? जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर ती मोडावी लागते हे तज्ज्ञ सांगतीलच. त्यापलीकडचं उत्तर गुळमुळीत वाटलं तर दुसरी जागा शोधा. आणखी एक गोष्ट. उपचार करणारा आणि 'कामावर राहण्यास योग्य आहे का' असा अहवाल देणारा, ही दोन वेगळी माणसं असायला हवीत. एकच व्यक्ती दोन्ही करत असेल तर तुमच्या नवऱ्याची भीती रास्त आहे. लॉस एंजेलिस पोलिसांनी १९६८मध्ये मार्टिन रायझर यांना पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ म्हणून घेतलं तेव्हापासून या पेशाला हा पेच सुटलेला नाही.

बोलण्याबद्दल. त्याच्यावर निदान लादू नका, जे दिसतं ते सांगा. "गाडी सुरू करायच्या आधी तू बराच वेळ थांबतोस, मला तुझी काळजी वाटते." समोरासमोर बसून नको, चालताना किंवा शेजारी बसून काम करताना. झोपेचा धागा पकडा, कारण झोपेसाठी डॉक्टरकडे जाण्यात पोलिसाला कमीपणा वाटत नाही, आणि चांगला डॉक्टर तिथून पुढचं ओळखतो. माझ्याकडे आलेल्या कित्येक जणांची पहिली तक्रार झोपेचीच होती.

सोबती

यात माझी एक भर, आणि ती टाळू नका. कधी त्याच्या बोलण्यात "मी नसलो तर बरं", "तुमची सोय लावून ठेवलीय" असं काही आलं, किंवा वस्तू वाटून टाकणं, निरवानिरव सुरू झाली, तर सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, हे संशोधनातूनही दिसलंय. हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका. आपत्कालीन सेवेला किंवा तुमच्या भागातल्या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनला त्याच वेळी फोन करा. शस्त्र त्याच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था विश्वासू सहकाऱ्याला मध्ये घालून करा, स्वतः हाताळायला जाऊ नका. टोकाची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं यातच जीव वाचतो.

स्पष्ट मत

सोबती, तुमचं उत्तर पटलं. परत येण्याची लेखी अट हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. असा नियम व्हावा म्हणून नागरिकांनीही मागणी केली पाहिजे.

निवृत्त अंमलदार

आणि जे गेले त्यांच्या घरच्यांचं काय, हेही त्या मागणीत घाला. कर्तव्यावर गोळी लागून गेला तर सलामी, मदत, मानसन्मान. त्याच कामाने खचून आत्महत्या केली तर घरच्यांना तोंड लपवावं लागतं. अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ला संसदभवनावर हल्ला झाला, त्यानंतर तिथे तैनात असलेल्या काही पोलिसांनी आत्महत्या केल्या. त्यांच्या घरच्यांना तो मृत्यू कर्तव्यावरचा मानला जावा म्हणून झगडावं लागलं. २०२२मध्ये कायदा झाला आणि ठरावीक परिस्थितीत असे मृत्यू आणि पीटीएसडीमुळे आलेलं अपंगत्व कर्तव्याशी जोडून बघायला सुरुवात झाली. बायकामुलांच्या वाट्याला आलेली लाज कायद्याने पूर्ण जात नाही, पण निदान घरखर्चाचा प्रश्न सुटतो.

निळी शाई

दारापाशी ताई, मुलाबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. त्याला अपघाताचे तपशील नका सांगू. एवढं सांगा की बाबांनी कामावर एक खूप वाईट गोष्ट पाहिली, ती त्यांना अजून आठवते, त्यात तुझी काही चूक नाही, आणि मोठी माणसं त्यावर काम करतायत. मग तो काय विचारतो ते ऐकून घ्या. आणि जमलं तर हे वाक्य बाबांनीच त्याला सांगू दे, गाडीत बसण्याआधी.

दारापाशी

सांगते. माझी स्वतःची पहिली भेट ठरवलीय, खात्याबाहेरच्या तज्ज्ञाकडे. झोपेचा विषय काल काढून पाहिला. "बघू" म्हणाला, पण उठून गेला नाही. पोलीस घरांतल्या आणखी कोणी घरच्यांसाठी गट चालवत असेल तर कृपया इथे लिहा किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या वसाहतीतल्या दोघी-तिघी यायला तयार आहेत.